पाच हजार चारशे वेळा

बिल सकाळीच आलं, डॉलरमध्ये.
सजिथनं त्याचे रियाल केले
आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.
गेल्या महिन्यात छप्पन. या महिन्यात एकशे त्र्याण्णव.
हिलाल साहेबांना तू सांग, म्हणाला,
मोजणी तुझ्याकडे आहे.

रुवीत, बँकांच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
आमचं धुलाईचं अ‍ॅप.
शर्ट दोनशे बैसा, दिशदाशा तीनशे,
घरून न्यायचे, घडी घालून परत द्यायचे, एवढंच.
पण कुणी अ‍ॅप उघडलं की एक नोंद,
शर्ट टोपलीत टाकला की एक,
दर बघून परत काढला, तर तीही.
नोंदी ठेवणारी कंपनी दूर कुठेतरी.
पहिल्या दहा लाख फुकट,
पुढे दर हजारी.

हिलाल साहेबांनी चहा ढवळत विचारलं,
गिऱ्हाईक वाढलं का?
नाही.
मग वाढलं कोण?

हा हिशोब मला नवा नाही.
इचलकरंजीत बाबांच्या मागावर
धोट्याच्या फेरीगणिक आकडा सरकायचा.
मजुरी पिकावर.
धागा तुटला की माग थांबे, आकडा थांबे,
गाठ मारायचे पैसे कुणी देत नसे.
इथं सगळं उलटं,
इथं थांबण्याचेही पैसे पडतात,
हे मला दुपारी तीनला कळलं.

तीन गाड्या आमच्या.
दोघे उतरताना फोन बंद करतात.
मोफिज करत नाही.
मे महिन्यात अ‍ॅप नवं केलं तेव्हा कुणीतरी,
म्हणजे मीच,
गाडीचं ठिकाण 'दर सेकंदाला' ठेवलं होतं.
सकाळी अकरा ते रात्री एक, चौदा तास,
पन्नास हजार चारशे नोंदी रोजच्या, एका माणसाच्या.
महिन्याचे पंधरा लाख.
सगळ्या मस्कतनं मिळून
एवढ्या वेळा आमचं अ‍ॅप उघडलं नव्हतं.

मग मी नकाशा उघडला. उघडायला नको होता.
वादी कबीर, दारसैत, पुन्हा वादी कबीर,
एका इमारतीशी अकरा मिनिटं (लिफ्ट बंद असणार),
आणि रोज रात्री साडेअकराला
मत्रा, मासळी बाजाराच्या मागे.
गाडी हलत नाही.
तोच अक्षांश, तोच रेखांश, एक वाजेपर्यंत,
पाच हजार चारशे वेळा.
ठिपक्यावर ठिपका बसून
तिथं एक काळा डाग झाला होता.

तिथून समुद्र दिसतो.
चितगावहून आलेल्या माणसाला
समुद्रात काय दिसतं, याचा रकाना
आमच्या तक्त्यात नाही.
आम्ही फक्त त्याचे पैसे भरले.

सेटिंग बदलायला चार मिनिटं लागली.
गाडी पन्नास मीटर हलली, तरच नोंद.
माग थांबला की आकडा थांबतो, तसं.
जुन्या नोंदी नव्वद दिवस राहतात,
पुढे ठेवायच्या तर वेगळा दर.
ठेवायच्या का, असं एक चौकोनी खिडकी विचारते.
नको, म्हटलं.
खर्च वाचवला म्हणून सजिथनं
शेजारून कराक आणला.

हिलाल साहेबांना सांगितलं, चूक माझीच होती.
त्यांनी गाडीचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
पुढचं बिल एकोणसाठ.
वरचे तीन कशाचे, ते अजून शोधते आहे.

गुरुवारी मोफिज किल्ली ठेवायला वर आला,
घामेजलेला, कॉलरला कुणाच्या तरी अत्तराचा वास,
धुवायच्या ढिगातून आलेला.
म्हणाला, आपा, फोनला काय केलं?
पहिले रात्री अकरालाच चार्जर लावून ठेवावा लागायचा,
वायर तोकडी, गाडीतच बसून राहायचो.
आता दगडावर जाऊन बसतो.
बॅटरी पुरते.
मुलगी झोपेपर्यंत पुरते.